वारा कुणी अडवला?

भूत, चकवा, लागीर — यातलं मी काहीच मानत नाही. तीस वर्षं पहाटे सास्तूरहून लोहाऱ्याला सायकलवर दुधाच्या कॅन नेल्या. वाटेत कुत्र्यांशिवाय कुणी आडवं आलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत, तेव्हा शब्द मागंपुढं होतील. सांभाळून घ्या.

गेल्या आषाढात जळकोटला सायकलची शर्यत होती. हायवेनं येणेगूरच्या पुढं जायचं, वळायचं, परत यायचं. चाळीस किलोमीटर, अडीच तासांत. मी ओढ्याजवळ एकदा घसरलो होतो, तेव्हापासून थोरला पोरगा दत्ता माझी सायकल काढून टाकायच्या मागं लागला होता.

"आण्णा, बहात्तर वय झालं. आता बास करा."

"जळकोटची शर्यत पुरी करून दावतो."

"आन मागच्या टेम्पोत बसून आलात तर?"

मागचा टेम्पो म्हणजे, जे वेळेत येत नाहीत त्यांना सायकलसकट उचलून आणायची गाडी.

"तर दे भंगारात. पुन्हा नाव काढणार न्हाय."

असा शब्द देऊन बसलो.

शर्यतीत सगळ्यांच्या सायकली बारीक टायरच्या. माझी चोवीस इंची काळी, पायजम्याला चिमटा. शेजारी तुळजापूरच्या एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, परत येताना वारा समोरून आहे. माझ्या मागं चिकटून या, वारा लागत नाही."

"मी बाईच्या आडोशानं जाऊ व्हय?"

"सगळेच जातात हो. पाळी असते. थोडं मी पुढं, मग तुम्ही पुढं यायचं आणि वारा खायचा. फक्त गाडीच्या मागं जाऊ नका, लगेच बाद करतात."

दुसऱ्याच्या पाठीमागं लपायचं, ही कसली शर्यत...

जाताना वारा पाठीशी होता, मजेत गेलो. वळलो आणि तोंडावरच आला. ऊस आडवा होत होता. बाकीचे सगळे पुढं निघून गेलेले, बाईही. मागं टेम्पोचा आवाज. मांड्या भरून आल्या. सायकल गेली आता, असं मनात आलं.

आणि वारा पडला.

म्हणजे मला तसं वाटलं. पण कडेचा ऊस तसाच आडवा होता. समोरून आलेल्या ट्रकची ताडपत्री फडफडत होती. माझ्या सदऱ्याची मात्र बाहीसुद्धा हलत नव्हती. चाक आपोआप पळायला लागलं.

पहिला संशय दत्तावर. यानंच कुणाची गाडी पुढं लावली असंल, मला बाद करायला. पण पुढं रस्ता मोकळा. मी दोन हात उजवीकडं सरकलो — वारा थाडकन लागला. परत डावीकडं आलो — शांत. मी हळू झालो, तरी ती शांत जागा पुढं निघून गेली नाही. माझ्यासाठी थांबली. तेच मला आवडलं नाही.

असे चार-पाच किलोमीटर गेले. मग पंचांची मोटारसायकल आली. मागं बसलेल्या पंचाच्या हातात लाल झेंडा.

"आजोबा, एकदम एवढा स्पीड? कुठल्या गाडीमागं होता?"

"गाडी कुठाय? दावा की."

त्यांनी गाडी बरोबर माझ्या चाकापुढं घेतली. इतका वेळ फडफडणारा झेंडा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबला. पंचानं झेंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. गाडी बाजूला झाली, झेंडा पुन्हा फडफडायला लागला. दोघंही मला बाद न करता निघून गेले.

आठ किलोमीटर राहिले होते. तसाच गेलो असतो तर वेळेत पोचलो असतो, सायकल राहिली असती. पण ही पाठ कुणाची? बाईंनी पाळी सांगितली होती. यानं उद्या मला पुढं हो म्हटलं तर कुठं जायचं, कशाचा वारा खायचा? फुकट कोण कुणाला असा आडोसा देतं...

"मी मागितलं नव्हतं," असं मोठ्यानं म्हणालो आणि उजवीकडं सरकलो. पुन्हा डावीकडं गेलो नाही.

जळकोट दोन किलोमीटरवर असताना टेम्पोनं गाठलं. वेळ संपली होती.

उतरल्यावर आधी त्या पंचाला गाठलं. "मघाशी झेंडा पडला, ते माझ्या पोराला सांगा."

तो झेंडा काठीला गुंडाळत होता. मान वर केली नाही. "मी काही बघितलं नाही, आजोबा." त्याच्यावर माझा अजून संशय आहे.

दत्ता आला. सायकल मीच त्याच्या हातात दिली. त्यानं ती स्टँडवर लावली. मग म्हणाला, "आण्णा, टेम्पोवाला सांगत होता, मधी लई जोरात होता तुम्ही. मग एकदम काय झालं?"

काय सांगणार? माझं मलाच कळलं नव्हतं... आजही कळलेलं नाही.

"दम लागला," मी म्हणालो.

जन्मात पहिल्यांदा मी असं म्हणालो, आणि तेही खोटं.