चौदा वर्षांचं पाणी

ग्यानोबा गुरुजींचा कंप्युटर सुरू व्हायला सतरा मिनिटं लागायची. गुरुजी बटण दाबून आंघोळीला जायचे, देवपूजा उरकायचे आणि येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल आपलं फिरतंच. मला हे बघवायचं नाही. मी सिद्धराम, जळकोटात माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन रेंगाळलं की माझं डोकं फिरतं, माणूस रेंगाळला की जास्तच. या तापटपणानं लई गिऱ्हाइकं घालवली, त्याचं मला काही वाटत नाही. गुरुजींचं मात्र वाटतं.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. जळकोटपासून चार किलोमीटरवर त्यांचं गाव. दर रविवारी सकाळी फुटाफुटावर गाठी मारलेला दोर खांद्यावर टाकायचा, गावातल्या अकराच्या अकरा विहिरींत सोडायचा आणि पाणी किती आहे ते लिहून घ्यायचं, हा त्यांचा नेम. गाव हसायचं. काही जण तर तोंडावरच ‘दोरगुरुजी’ म्हणायचे. पहिल्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा त्यांनी हा कंप्युटर घेतला आणि एका बोटानं टाइप करत चौदा वर्षांचे रविवार त्यात भरले. लेकीचं लग्न झालं, लॉकडाऊन झालं, पण एक रविवार चुकला नाही.

यंदा दसऱ्यानंतर ग्रामसभा होती. सार्वजनिक विहिरीला खेटून तीन नवे बोर पाडायचा ठराव यायचा होता आणि गुरुजींना तो अडवायचा होता. मागं शाळेजवळ बोर पडल्यावर शेजारची विहीर दोन वर्षांत कशी आटत गेली, हे त्यांच्याकडं आकड्यांनिशी होतं. ते सगळं छापून ते सभेत वाटणार होते. पण मशीन मधेच बंद पडायला लागलं, म्हणून मला निरोप आला.

मी सांगितलं, हार्ड डिस्क थकली, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकू. रुक्मिणकाकू, म्हणजे गुरुजींची मंडळी, शेजारी उभ्या राहून बघत होत्या. दर दसऱ्याला त्या कंप्युटरला हळदकुंकू वाहायच्या, डब्यावर त्याचे थर चढले होते. जुनी डिस्क काढून मी त्यांना दाखवली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, की काकू, हा बघा मशीनचा जीव. काकूंनी चक्क हात जोडले. पंखाही खरखरत होता, तोही बदलला. बटण दाबलं तर दहा सेकंदांत पडदा उघडला. गुरुजी चष्मा पुसून परत परत बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, “आन् माझ्या विहिरी?”

त्या जुन्या डिस्कमध्येच होत्या. ती जोडायला दुसरी वायर लागते, ती मी दुकानात विसरलो होतो. म्हणालो, उद्या येऊन उतरवून देतो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो, विश्वास नाही का म्हणालो. 

तो उद्या काही उगवला नाही. सणाची गडबड, कॅमेरे बसवायची कामं. पाच दिवस गेले. दसऱ्याच्या सकाळी दुकानात ही गर्दी, एक गिऱ्हाईक हुज्जत घालत असलेलं, आणि काकूंचा फोन आला. जुनं काढून ठेवलंय त्यात काही राहिलंय का, असं त्या विचारत होत्या. मी अर्धंच ऐकलं. मला वाटलं, पंख्याचंच असणार.

“काही राहिलं न्हाई काकू, टाकून द्या की. एवढ्यासाठी फोन कशाला करायचा?”

“बरं बाबा,” म्हणून त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वायर घेऊन गेलो. टेबलावर पंखा तेवढा होता. डिस्क कुठाय विचारलं, तर काकू म्हणाल्या, “चौदा दसरे कुंकू लावलंय त्याला. भंगारात कसं टाकू? काल घटासंगं विहिरीत सोडलं, हात जोडून.”

 गुरुजी दारात उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. बायकोला ते एक शब्द बोलले नाहीत. मला घेऊन त्या सार्वजनिक विहिरीवर आले. यंदा पाऊस बेफाम झालेला, पाणी पार वर आलेलं. मी हातापाया पडलो, म्हणालो, दोन मोटारी लावतो, सांजेपर्यंत विहीर उपसून काढतो.

“बेचाळीस फूट हाय,” गुरुजी म्हणाले. “रविवारीच मोजलंय. एवढं पाणी उपसून सांडायचं? मग मी मोजत कशासाठी होतो, सिद्धराम?”

घराकडं वळताना म्हणाले, “त्यात काय होतं, ते हिला सांगू नको.”

मी एका पोहणाऱ्याला आणून बुड्या मारायला लावल्या. चिखलात काही हाती लागलं नाही.

ग्रामसभेत गुरुजी मोकळ्या हातानं उभे राहिले. आठवतील तसे आकडे सांगत होते. कुणीतरी म्हणालं, गुरुजी, विहीर तर काठोकाठ भरलीय, कागद हाय का तुमच्याकडं? लोक हसले. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. कागद माझ्यामुळं गेला, एवढं सांगायला काय जात होतं? पण माझं हे तोंड, जे बाईमाणसावर फोनवर चटकन चालतं, ते तेव्हा उघडलं नाही. ठराव मंजूर झाला. दिवाळीच्या आधीच तिन्ही बोर पडले.

गुरुजी अजून रविवारी दोर घेऊन निघतात आणि घरी येऊन एका बोटानं टाइप करतात. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, सिद्धरामनं मशीन बघा कसं झटक्यात उघडणारं करून दिलं. गुरुजी ‘हाव, खरंय’ म्हणतात. मी त्या घरी चहाला आता जात नाही.