गाड्या नसलेली वाट

खडीची वाट संपून डांबरी रस्ता आडवा आला की काका सायकलवरून उतरायचे. दोन्हीकडे मैलभर काही दिसत नसलं तरी उतरायचे, मान वळवून डावा कान रस्त्याकडे करायचे, एक बोट वर धरायचे आणि डोळे मिटायचे.

"आधी ऐकायचं," म्हणायचे. "डोळ्यांना फार घाई असते."

मग सायकल हातात धरून पलीकडे जायचे. तिथे पुन्हा खडी सुरू व्हायची आणि त्यांचं बोलणंही.

तुम्ही त्यांना लांबून पाहिलं असतं, तर हा माणूस एखाद्या पक्ष्याचा आवाज ऐकतोय असं तुम्हालाही वाटलं असतं. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. खरं म्हणजे ते गाडी येतेय का ते ऐकत असत. त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे मागची गाडी नेमकी उजव्या अंगाने पुढे जाते. कानातलं यंत्र घातलं तर त्यात फक्त वारा वाजायचा. एकदा एक ट्रक त्यांच्या कोपराला चाटून गेला आणि त्या दिवशी काकूंनी त्यांना डांबरी रस्त्यावर सायकल चालवणं बंद केलं.

क्रेगीबर्न या आमच्या उपनगरात ते माझ्यापासून दोन घरं सोडून राहायचे. वर्षभर आमची ओळख हात हलवण्यापुरती होती, आणि मला ती तेवढीच बरी वाटत होती. एका सकाळी कचऱ्याचे डबे आत घेताना काकूंनी मला गाठलं.

"तुझी ती सायकल नुसतीच उभी असते गं."

"हो."

"शनिवारी काय करतेस?"

मला पटकन खोटं सुचत नाही. "काही नाही."

"मग यांच्या मागून जा. पुढे नाही हं, मागूनच. आणि संध्याकाळी मला सांगायचं, कसं झालं ते."

अशी मी दर शनिवारी त्यांच्या मागून जायला लागले. गाडीच्या रॅकला सायकली अडकवून तासभर उत्तरेला जायचं. तिथे एका जुन्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी खडी पसरली होती. गवताळ डोंगर, गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं, मधूनच एखादं ओसाड स्टेशन. गाडी एकही नाही. काका पुढे बघून बोलायचे आणि त्यांचे शब्द वाऱ्याबरोबर माझ्याकडे यायचे. मी उत्तर दिलं तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागत नसे. माझ्यासारखीला याहून चांगली सोबत मिळाली नसती.

फक्त रस्ता ओलांडताना ते मला सोडत नसत. "तुला काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. नीट सांग."

मग मी सांगायचे. तारेतला वारा. कुठेतरी एक पंप. माझाच श्वास. ते मान डोलवायचे, जणू मी त्यांना परदेशातल्या बातम्या सांगतेय.

ते रस्त्यांचे इंजिनिअर होते. "तीस वर्षं खडीवर डांबर ओतलं. खडी बघायची राहूनच गेली." म्हणून आता ते मध्येच थांबून मूठभर खडी उचलायचे. मी तिला ग्रॅव्हल म्हणायचे. खडी, कच, मुरूम हे वेगवेगळे असतात हे मला त्यांनी शिकवलं. "ही खाणीतली. कड बघ, अजून टोचते. मघाची नदीतली होती, गुळगुळीत." मला या माणसाचं फार कुतूहल वाटायला लागलं. दगडात इतकं बघण्यासारखं असतं, तर मग बाकी मी काय काय न बघता जात होते?

त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर फ्रान्सचा एक नकाशा होता. त्यावर एका कालव्याच्या काठाने त्यांनी लाल रेघ मारली होती. पूर्वी त्या काठावरून घोडे नावा ओढायचे. आता तिथे खडीची वाट आहे, आठवडाभर चाललं तरी गाडी भेटत नाही. "आणि चुकून भेटलीच तर डावीकडून येणार. तिकडे सगळं उलटं. माझ्या कानासाठीच केलाय तो देश."

"इथे हाक मारली तर ओ देत नाहीत, आणि म्हणे फ्रान्स," काकू म्हणायच्या.

पण त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. डावा कानही उतरतोय, दोनेक वर्षं धरून चला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उन्हाळाभर शनिवार नीट गेले तर सप्टेंबरला जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. आणि नीट गेले की नाही ते मी सांगणार होते. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या वाटेवर एके ठिकाणी पूल पडला होता. हायवेवर जावं लागू नये म्हणून शेजारच्या शेतकरी बाईने सायकलवाल्यांना तिच्या कुरणातून जाऊ दिलं होतं. मध्ये एक लोखंडी गेट होतं. ते नेहमी लावलेलं असायचं. आम्ही उघडायचो, पुन्हा लावायचो. फेब्रुवारीतल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका शनिवारी ते सताड उघडं दिसलं.

"काय माणसं असतात," काका म्हणाले, "जनावरं बाहेर जातील ना!" त्यांनी गेट ओढलं, साखळी लावली, नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मीही मान डोलावली. आपल्याकडे गेट लावणारा माणूस शहाणाच असतो.

चार तासांनी परत येताना ऊन मी म्हणत होतं. कुरणात माझ्या मागे गाडीचा हॉर्न वाजला. मी बाजूला झाले. काका वाटेच्या मधोमध, मुरुमाबद्दल बोलत चालले होते. पुन्हा हॉर्न. "काका!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. पाठ हललीसुद्धा नाही. शेवटी ती गाडी गवतात उतरली, त्यांना वळसा घालून पुढे गेली आणि आडवी थांबली. काकांचं पुढचं चाक तिच्या दारापासून हातभर अंतरावर थांबलं.

ती शेतकरी बाई उतरली. "मेट," तिने इथल्या पद्धतीने 'मित्रा' अशी हाक मारली, "ते गेट तू लावलंस?"

"हो," काका जरा अभिमानाने म्हणाले. "उघडं राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. पाणी त्या बाजूला आहे. माझ्या गाई सकाळपासून गेटला तोंड लावून उभ्या होत्या. गेट जसं दिसेल तसंच सोडायचं. इथलं पोरसुद्धा सांगेल तुला."

काकांनी हेल्मेट काढलं. "प्यायल्या का आता?" त्यांनी विचारलं.

"आत्ता पितायत." तिचा आवाज थोडा खाली आला. "आणि हॉर्न ऐकू येत नाही का?"

"या कानाने नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

परतीच्या तासभरात काका एवढंच म्हणाले, "चार तास गं. अशा उन्हात." गाईंबद्दल. घराजवळ गाडी बंद केल्यावर म्हणाले, "काकू विचारेल."

"हो."

"मी काही सांगणार नाहीये तुला, काय बोलायचं ते." आणि सायकली उतरवायला लागले.

काकू दारातच होत्या. "काय, कसं झालं?"

ठीक, म्हणायचं होतं. दर शनिवारी तेच म्हणत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर ते हातभर अंतर होतं. मी सांगितलं. गेट, गाई, दोन हॉर्न, माझी हाक. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या आत गेल्या. काका गॅरेजमध्ये पाठमोरे होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला आजही माहीत नाही.

आठवडाभर मी मागच्या दाराने ये-जा केली. शनिवारी बेल वाजली. काकांच्या हातात फावडं होतं.

"चल. आज सायकल नको."

गाडीत काकूही होत्या. शेतावर पोचल्यावर काका त्या बाईशी दोन मिनिटं बोलले आणि गेटपाशी कामाला लागले. तिथे दर पावसात पाणी साचून खडी वाहून जात होती. त्यांनी कडेने तिरपी चारी खणली, वाटेचा मधला भाग उंच केला, कडा उतरत्या केल्या. बाई कुंपणाला टेकून बघत होती.

"हे आधी केलंयस तू."

"तीस वर्षं," काका म्हणाले. तिचं बोलणं त्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू गेलं होतं.

काकू माझ्या शेजारी सावलीत उभ्या होत्या. "तू खरं सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आठवडा झाला, नुसता तो नकाशा बघत बसतात. काढून टाका म्हटलं, तर काढतही नाहीत." त्यांनी काकांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. "कॉलेजात असताना मी सायकलने पर्वतीपर्यंत जायचे. चाळीस वर्षं झाली. परत येईल का गं मला?"

"येईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये काकूंना माझ्या सायकलवर बसवून मी सीट धरून मागे धावत होते. पंजाबी ड्रेसच्या सलवारीला त्या रबरबँड लावायच्या. दोनदा पडल्या. काका लांब उभे राहून सूचना करायचे आणि काकू ओरडायच्या, "अहो, तुम्ही गप्प बसा, मला ऐकू येतं!"

सप्टेंबरमध्ये दोघं फ्रान्सला गेले. परत आल्यावर वर्ष संपायच्या आत मुलाकडे, दूर केलीव्हिल गावी, राहायला गेले. त्यांच्या घरात आता दुसरी माणसं आहेत. चांगली आहेत, हात हलवतात.

फ्रान्सहून काकूंनी फोटो एकही पाठवला नाही. एका दुपारी ऑफिसमध्ये असताना एक व्हॉइस मेसेज आला. बहुतेक खिशातल्या फोनवर चुकून बटण दाबलं गेलं असावं. मिनिटभर चाकांखाली खडी करकरत राहते. लांबून काकांचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. काकू धापा टाकत म्हणतात, "हो, हो, ऐकतेय." ते पुढे बोलतच राहतात. मग आवाज आणखी लांब जातो आणि उरते ती नुसती खडी. ती कुठली आहे, नदीतली की खाणीतली, हे मी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करते. अजून जमलेलं नाही.