न धुवायचं बनियन

आमच्या सासूबाईंना पांढरं कापड मळलेलं बघवत नाही. पौर्णिमेला विहारात जाताना त्यांची साडी अशी असते की शेजारणी विचारतात, नीळ कुठली वापरता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांची तशी काही चूक नव्हती. निदान आज मला तसं वाटतं. त्या सकाळी मात्र मी त्यांच्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होते.

माझा नवरा पेस्ट कंट्रोलमध्ये आहे. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत झुरळं-वाळवीचं औषध मारतो. औषध म्हणायचं, पण ते विषच. लग्न झालं तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मुलगी झाली आणि याच्या डोक्यात शिरलं की आपल्या अंगावरून हे तिला लागणार. त्याने तिला उचलणंच बंद केलं. डिलाईल रोडवरच्या आमच्या एका खोलीत तो दारातून आला की पोरगी रांगत सुटायची, आणि हा हात मागे घेऊन भिंतीला चिकटायचा. आंघोळ करून आला तरी तेच. "नको, वास येतोय अजून," म्हणायचा. मी हात हुंगून सांगायचे, साबणाचा येतोय. ऐकेल तर शपथ! मला त्याचा रागही यायचा आणि रडूही.

अशात त्यांच्या कंपनीत पाहणीवाले आले. फवारणी करणाऱ्याच्या अंगावर आणि अंगात किती औषध जातं ते मोजायचं, म्हणजे त्यावरून सरकारला नियम ठरवता येतात: कपडे कसले हवेत, हातमोजे कसले, कुठलं औषध चालेल. याने सगळ्यांत आधी नाव दिलं. नियमाचं याला काय पडलं होतं! याला एवढंच विचारायचं होतं, पोरीला उचलू की नको.

मोजायची रीत ऐकून मी हसलेच. युनिफॉर्मच्या आत त्यांनी दिलेलं पांढरंशुभ्र, लांब बाह्यांचं सुती बनियन घालून दिवसभर काम करायचं. ते कापड म्हणजे त्याची कातडी समजायची. मग त्याचे तुकडे करून, बाह्या वेगळ्या, छाती वेगळी, पाठ वेगळी, कशात किती औषध उतरलंय ते लॅबमध्ये बघायचं. शिवाय डब्यात लघवी द्यायची. चाळीच्या संडासाच्या रांगेत हा झाकणाचा डबा घेऊन उभा राहिला, तर मागच्या काकांनी विचारलं, "काय रे, दूध आणायला निघालास काय?"

बनियनच्या दिवशी नेमकं काम लांबलं. बनियन न्यायला आलेल्या पाहणीवाल्या ताई निघून गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, घरी काढा, दिलेल्या पिशवीत बंद करून ठेवा, उद्या येऊन नेते. त्याने पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि आईला काही न सांगता सकाळी ड्युटीवर गेला. मी पोरीला डोस द्यायला दवाखान्यात गेले. परत येते तर ताई दारात, आणि सासूबाई त्यांच्या हातात बनियनची घडी देतायत. नीळ घातलेली, इस्त्री केलेली.

"धुतलंत?" ताईंनी घडी उलगडत विचारलं.

"मग काय तसंच देऊ? घामाचं, पिवळं पडलेलं? तुम्ही लोक काय म्हणाल, या घरात बायका नाहीत?"

जे मोजायचं होतं ते मोरीतून गटारात गेलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला. ताईंना आधी हसू आलं, मग त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, कशात धुतलंत? बाळाच्या कपड्यांबरोबर?"

मी कडेवरच्या पोरीचं झबलं हुंगून बघितलं.

"खुळी हाय काय मी?" सासूबाई तडकल्या. "त्याचं धुणं लाल बादलीत. पोरीचं निराळं. रोजचंच हाय ते."

मग ताईंनी त्यांच्याकडेही लघवीचा डबा मागितला. रोज ते कपडे हाताळणाऱ्या बाईचा विचार आम्ही केलाच नव्हता, असं त्या स्वतःच म्हणाल्या. सासूबाई माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत, पण डबा भरून दिला. नवऱ्याने पुन्हा बनियन घातलं. या खेपेला ताई त्याचं काम संपेपर्यंत थांबल्या आणि ते त्याच्या अंगावरून उतरवूनच घेऊन गेल्या.

निकाल सांगायला त्या आल्या तो रविवार होता. छाती-पाठीवर जवळजवळ काही नव्हतं. मनगटाला थोडं होतं, कारण औषध कालवताना आमचे साहेब बाह्या वर करतात. लघवीत काळजी करण्यासारखं काही नाही, याच्याही आणि आजींच्याही.

पुढचं त्याने ऐकलंच नाही. "पोरीला उचलू का?"

"एका माणसावरून नियम सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. "पण आमच्या डॉक्टरांना विचारून आलेय. बाह्या खाली ठेवा, कामावरच कपडे बदला, आंघोळ करा आणि खुशाल उचला."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ताईंना चहा विचारायचंही सुचलं नाही, तिथेच पदराने डोळे पुसत बसले.

त्याने तिला उचललं. एवढे दिवस सवय नव्हती, त्यामुळे काचेची बरणी उचलावी तसं अवघडून. तिने जरा वेळ त्याचं तोंड न्याहाळलं, मग त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली आणि सरळ तोंडात घातली. तो जागच्या जागी ताठ झाला. घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

ओट्यापाशी भाकऱ्या थापणाऱ्या सासूबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही.

"चावू दे रे तिला," त्या म्हणाल्या. "मी धुतलाय तो."

या खेपेला त्यांच्या धुण्याला कुणी नावं ठेवली नाहीत.