सुनांचे दात, लेकींचे दात

आमच्या गावात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गावच्या लेकी आळशी आणि बाहेरून आलेल्या सुना टापटिपीच्या. पुरावा तोंडातच होता. सुना हसल्या की पांढरे दात दिसायचे, लेकी हसल्या की पिवळे, तपकिरी, कुणाकुणाचे तर चक्क गुळाच्या रंगाचे. मुलांचेही तसेच असायचे, पण दात बघून मुलगा कोण नाकारतंय? सासुरवाशिणींचं कौतुक करायला आमच्याकडे एरवी कुणी तयार नसे. दातांच्या बाबतीत मात्र सासवाही निमूट कबूल करायच्या.

गाव नागपूर जिल्ह्यात, कुही तालुक्याच्या अगदी टोकाला, चहूकडे धानाच्या बांध्या. माझी आई तिथे सून म्हणूनच आली. आज तिची सत्तरी उलटली आहे, कंबर वाकली आहे, गुडघे धरून उठते, पण दात धुतलेल्या तांदळासारखे आहेत. त्या दातांच्या जोरावर तिने माझं सगळं बालपण झोडपून काढलं.

"काहून वं, घासले का दात? दाखव बरं. असे घासतेत का? माहे पाय."

पाय म्हणजे बघ. मी पाहायची. ती राखुंडी बोटावर घेऊन दोन मिनिटं घासायची आणि चूळ भरून मोकळी व्हायची. मी दहा मिनिटं घासायची आणि माझ्या समोरच्या दातांवरचे डाग जिथल्या तिथे. मग ती माझी हनुवटी धरून स्वतः घासून द्यायची, हिरडीतून रक्त येईपर्यंत. रक्त आलं की म्हणायची, घाण निघून राहिली, म्हणजे निघते आहे.

हे सगळं अंगणातल्या बोरिंगवर चालायचं. आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. मी रांगत होते तेव्हा गावात गल्लोगल्ली अशा खोदल्या गेल्या आणि आमच्या गल्लीतल्या बोरिंगसाठी अंगणाचा कोपरा बाबांनी आपणहून दिला. सगळी गल्ली पाणी भरायची, तरी बाबा तिला आमची बोरिंग म्हणायचे. मे महिन्यात विहिरी तळाला जायच्या, पण बोरिंग कधी आटली नाही. पाणी नितळ आणि चवीला गोडसर. पाहुणा आला की बाबा चहाआधी तांब्या पुढे करायचे आणि तो घोट घेऊन काय म्हणतो याची वाट बघत उभे राहायचे. एका वर्षी कुठली तरी माणसं आली, बोरिंगला लाल रंग फासला आणि निघून गेली. तेव्हा आमच्या घरात काकाचं लग्न होतं. मांडवाच्या आधी फुकटात रंग झाला म्हणून बाबा खुश झाले. लालच का, हे कुणी विचारलं नाही. ती माणसंही काही बोलली नाहीत.

गावात होते तोवर मला दातांची लाज वाटली नाही, कारण वर्गातल्या निम्म्या तोंडांत तेच होतं. लाज कळली ती कॉलेजसाठी नागपूरला आल्यावर. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरच्या मुलीने मला हळूच विचारलं, "तू खर्रा खातेस का गं?" नागपुरात तपकिरी दातांचा दुसरा अर्थच होत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला तो खर्रा मी आयुष्यात जिभेला लावला नव्हता. मी तिच्यावर अशी उखडले की ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दुपारी मी बाजारातून सगळ्यात कडक केसांचा ब्रश आणला.

मग मी घासू लागले. आधी दोनदा, मग तीनदा. मीठ लावून, खायचा सोडा लावून, लिंबू लावून, कोळशाची पूड करून. ब्रश महिन्याभरात पिंजारायचा. पुढे हिरड्या वर सरकल्या आणि दातांची मुळं उघडी पडली. थंड पाण्याचा घोट घेतला की कळ डोक्यापर्यंत जायची. डाग मात्र तसूभर हलले नाहीत. मला वाटायचं, अजून थोडं घासायला हवं. मुलगी बघायला आलेल्या तीन घरांनी माझं शिक्षण, पगार, रंग सगळं विचारलं आणि मी एकदाही ओठ उघडून हसले नाही. चौथ्या घरी लग्न ठरलं. नवरा नंतर म्हणाला, मला वाटलं तू जरा गंभीर स्वभावाची आहेस. आता मी खरंच तशी झाले आहे.

मुलगी झाली तेव्हा मी एकच गोष्ट ठरवली होती. हिचे दात असे होऊ द्यायचे नाहीत. बाकी तिने नापास व्हावं, उलट बोलावं, काही करावं.

नवऱ्याची खापरखेड्याला शिफ्टची नोकरी, माझी नागपुरात कारकुनी. पाळणाघराचा आम्हाला धीर झाला नाही. मुलगी वर्षाची झाल्यावर मी तिला गावी आईकडे ठेवलं आणि ती सहा वर्षांची होईपर्यंत ती तिथेच होती. दर शनिवारी संध्याकाळी मी जायची, रविवारी परत. रोज फोन करायची आणि पहिला प्रश्न तोच. आई वैतागायची.

"घासून देऊन राहिली ना वं मी सोता. चार-चार चुळा भरवून राहिली. बोरिंगचं ताजं पाणी घेतो आम्ही, शिळं नाही."

आणि दात खरोखर सुंदर होते. लहानगे, एकसारखे, दुधासारखे पांढरे. शनिवारी गेले की मी तिला मांडीवर घेऊन आधी तोंड उघडायला लावायची. आईला म्हणायची, हे तुझ्यामुळे. आई फुलून जायची. मायलेकींचं आमचं इतकं चांगलं त्याआधी कधी जमलं नव्हतं, नंतरही जमलं नाही.

शाळेसाठी मुलीला नागपूरला आणलं आणि काही महिन्यांत तिचा पहिला दात पडला. पडलेला दात शेणात घालून कौलावर फेकायचा म्हणजे नवा चांगला येतो, असं आमच्याकडे करतात. आमच्या क्वार्टरला कौलं नव्हती. मी गोठा शोधून शेण आणलं आणि तो दात गच्चीवर ठेवून आले. नवरा हसला. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

नवा दात आला तो खडूसारख्या रेघा घेऊन. पुढचा त्याच्याहून वाईट. वर्षभरात समोरचे चारही आले आणि त्यांच्यावर तेच गुळाचे डाग. मी तिच्यामागे लागले. उभं राहून घासून घ्यायची, आरसा दाखवायची, शेजारणीच्या मुलीचं उदाहरण द्यायची. एका सकाळी ती म्हणाली, "घासले ना आई." मला वाटलं, खोटं बोलते आहे. मी तिच्या गालावर चापट मारली. तिच्या तोंडात पेस्टचा फेस होता, तो माझ्या हातावर उडाला. सात वर्षांची होती. तेव्हा तिने दात घासलेलेच होते.

त्याच आठवड्यात मी तिला नागपुरातच धंतोलीत घेऊन गेले. तिथे गल्लीगणिक दवाखाना. आम्हाला मिळालेली दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने माझ्या मुलीचं तोंड बघितलं, मग मला म्हणाली, "ताई, तुम्ही पण आ करा बरं." मी केला. तिने आळीपाळीने दोघींचे दात पाहिले.

"लहानपणी कुठलं पाणी प्यायचात?"

मी सांगितलं. मुलगी कुठे वाढली तेही सांगितलं. तेव्हा तिने समजावलं. पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार असतो. थोडा असला तर दात मजबूत होतात, फार असला तर दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच बिघडतात. दुधाचे दात बहुतेक वाचतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. नंतरचे येतात ते डाग घेऊनच. आठ वर्षांचं होईपर्यंत पाणी बदललं तर बदललं, पुढे उपयोग नाही. मोठ्यांचे दात बिघडत नाहीत, पण वर्षानुवर्षं प्यायलं तर गुडघे आणि कंबर धरते.

मी तिच्याशी भांडायलाच बसले. म्हटलं, "माझी आई तेच पाणी पस्तीस वर्षं पिते आहे. तिचे दात मोत्यासारखे आहेत."

"आई त्याच गावच्या का?"

"नाही. सून आहे."

"मग लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे दात तयार झालेले होते," ती म्हणाली. "गावातल्या सगळ्या सुनांचे चांगले असतील, बघा."

गावातली एकेक सून डोळ्यांपुढे येत होती. इतकी वर्षं सगळ्या गावाने ते रोज बघितलं आणि लेकींना मारलं. लाल रंगाचा अर्थ मी जाता जाता विचारला. हे पाणी पिऊ नका, एवढाच अर्थ होता.

माझ्याबद्दल ती म्हणाली, "डाग आत आहेत, ताई. बाहेरून कितीही केलं तरी जात नाहीत. तुम्ही दात घासले नाहीत, तासले." मऊ ब्रश, हलका हात, हिरड्यांना बोटाने मालिश, हे तिने लिहून दिलं. आता ते पाळते. खालचा एक दात हलतो आहे, तो जाणारच आहे. मुलीचं विचारलं तर म्हणाली, अठरा वर्षांची होऊ द्या, मग वरून झाकता येतील, पण त्यासाठी आधी दात घासून बारीक करावे लागतात आणि तेही जन्मभर टिकत नाही. मुलगी माझ्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. ते माझ्या बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी मी गावी गेले ती नातीच्या दातांचं आईला सांगायचंच ठरवून. बाबा तोवर गेले होते. आईने नातीसाठी डब्यात करंज्या भरून ठेवल्या होत्या आणि विचारत होती, पोरगी काहून नाही आणली. मी एवढंच म्हटलं, या पाण्यानेच तुझे गुडघे गेले, आता हे पिऊ नकोस. मी पाणी शुद्ध करायचं मशीन घेऊन दिलं. आईने त्यावर विणलेला रुमाल घातला आहे आणि ते पाणी ती पाहुण्यांना देते. स्वतः बोरिंगचंच पिते. म्हणते, मशीनच्या पाण्याले चव नाही. गुडघ्यांबद्दल मी दर वेळी भांडते. दातांबद्दल मात्र तोंड उघडत नाही. रोज पहाटे उठून, वाकून, पहिली बादली बाजूला ओतून दुसरीतलं ताजं पाणी तिने त्या लेकराला पाजलं. तिला मी काय सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि पोरीला तिथे आणून ठेवलं होतं ते मीच.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी गावी गेलो. मुलगी आता तेराची आहे. बोलताना हात तोंडाशी नेते, फोटोत ओठ मिटून उभी राहते. सकाळी ती ब्रश घेऊन अंगणात आली तेव्हा आई तिथेच भांडी घासत बसली होती. तिने नातीचं तोंड उजेडात पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि माझ्यावर सुटली.

"माह्यापाशी होती तवा कसे होते वं पोरीचे दात! निरे पांढरे सपेत. तू नेली नागपूरले अन् सत्यानास केला. नोकरीच्या नादात लेकराकडे पाहासाले टाइम नाही तुले."

मला कुणी बोललं की मी ऐकून घेत नाही. घरात, ऑफिसात, कुठेच नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली,

"आजी, आईचं काही नाही त्यात. ती रोज ओरडते. मीच आळस करते."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किती सहज बोलली. मला त्या क्षणी रडू आलं आणि तिचा रागही आला, तेरा वर्षांच्या पोरीला इतकं कळायला नको होतं.

"मंग ये इकडं," आई म्हणाली. "आज मी घासून देते. पाय कसे होतेत ते."

ती घरातून राखुंडी घेऊन आली. मुलगी बोरिंगच्या ओट्यावर बसली आणि तोंड उघडून मान वर केली. आईने तिची हनुवटी धरली. आईचं बोट त्या डागांवरून फिरत होतं, पुन्हा पुन्हा, सगळा जीव लावून. तिला नीट दिसत नाही, म्हणून ती चेहरा अगदी जवळ नेत होती.

"निघून राहिलं पाय," आई म्हणाली. "थोडं थोडं निघून राहिलं."

मुलगी घरी कधी गावची बोली बोलत नाही. तेव्हा बोलली.

"हो आजी, निघून राहिलं."

"पाणी दे वं तिले," आई मला म्हणाली, "चूळ भरू दे."

मी दांडा धरला आणि हापसायला लागले.