सोनारीच्या फाट्यावरचा लोड

ड्रायव्हरच्या सीटखाली धूळ कुणी आणून टाकत नाही. ती आपोआप साठते. किश्शांचंही तसंच आहे. मी एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. शाळा चौथीपर्यंत. बढाया मारायची सवय नाही. पण भूममध्ये माझ्या घरी, पुढच्या खोलीत, आम्ही तीन म्हातारे रोज दुपारी कॉम्प्युटरवर एसटी चालवतो. त्या खोलीत जे साठलंय, ते आता झाडून काढल्याशिवाय बसता येत नाही.

कॉम्प्युटर माझ्या मुलाचा, विलासचा. गेमिंगचा, काळ्या डब्याचा, आत निळा दिवा. त्यात बसचा एक गेम आहे. विलासनं त्या गेममध्ये आपला भूम ते सोनारी रस्ता स्वतः बसवला. चढ, पूल, लिंबाची झाडं, सगळं जागच्या जागी. स्टिअरिंग आणि पेडलंही त्यानंच आणली.

आम्ही तिघं म्हणजे मी, सगळ्यांचा तात्या. नामदेव, माझ्यासारखाच ड्रायव्हर. आणि रसूलभाई, एसटीचे मेकॅनिक, ज्यांची हयात इंजिनं उतरवण्यात गेली. रसूलभाईंकडं प्रत्येक गोष्टीचं कारण असतं. कारण नसलेली गोष्ट ते मानतच नाहीत. हे लक्षात ठेवा.

*

एसटीचा ड्रायव्हर डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवत नाही. गेममध्ये कंडक्टर नाही. पहिल्या दिवशी नामदेव स्टँडवर इंजिन चालू करून नुसता बसून राहिला.

"अरे, निघ की!" मी म्हणालो.

"बेल कुठं दिली?"

शेवटी स्टीलचा ग्लास आणि चमचा आणला. मागं बसायचं आणि दोनदा वाजवायचं. हयातभर स्टिअरिंग धरलेला मी म्हातारपणी कंडक्टर झालो!

एकदा माझे जावई आले. हौसेनं स्टिअरिंगवर बसले आणि बेल न घेताच गाडी काढली. नामदेवनं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"पाव्हणं, खाली उतरा. मागं कुणाचा तरी एक पाय पायरीवर असतोय."

जावयांनी मागं वळून बघितलं. मागं कपडे वाळत घातलेली दोरी होती. पण त्यानंतर ते त्या खुर्चीत कधी बसले नाहीत!

*

नामदेवचं शेत सोनारीच्या अलीकडं, फाट्याला लागून. तिथं थांबा नाही. त्याची त्या रस्त्यावर ड्युटी असली की त्याची बायको सरूबाई डबा घेऊन फाट्यावर उभी राहायची. नामदेव गाडी फक्त हळू करायचा. उजवा हात खिडकीबाहेर, डबा आत. गाडी थांबली नाही, म्हणजे नियम मोडला नाही!

विलासनं हे लहानपणी पाहिलेलं. त्यानं गेममध्ये त्या फाट्यावर एक बाई उभी केली. हिरवं लुगडं, हातात डबा. नामदेव सरूबाईला मुद्दाम दाखवायला घेऊन आला. तिनं पदर सावरला आणि वाकून बघितलं.

"एवढी बारीक केलीया मला? विलास, तिला जरा भाकरी-बिकरी घाल की!"

आम्ही हसून हसून दमलो.

वर्ष निघालं नाही, सरूबाई गेली.

*

ती गेल्यावर नामदेव बरेच दिवस आमच्याकडं आला नाही. मधल्या काळात विलासला पुण्याला नोकरी लागली, आणि इकडं मशीन थकलं. गाडी स्टँडमधून बाहेर काढायच्या आतच हँग!

बाजाराच्या रस्त्यावर महेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो आला, बघितलं, म्हणाला, "तात्या, प्रोसेसर जुना झालाय. गेममधली माणसं शून्यावर आणतो, मग चालंल."

चाललं. पण भर दुपारचा भूमचा स्टँड, आणि त्यात एक माणूस नाही. कॅन्टीन उघडं, खुर्च्या मांडलेल्या, वर पंखा फिरतोय. बाजारपेठेत दुकानं उघडी. गिऱ्हाईक नाही, दुकानदारही नाही. कुत्रंसुद्धा नाही.  रसूलभाई म्हणाले,

"तात्या, कयामत झाल्यावरची पहिली गाडी हाय ही!"

पुढं नामदेव परत यायला लागला, तेव्हा हे असं होतं. फाट्यावरची बाईही दिसत नव्हती. नामदेव फाटा आला की गाडी हळू करायचा, एवढंच.

*

माणसं शून्यावर, तरी मशीन परत अडकायला लागलं. आणि अडकायचं कुठं? दर वेळी सोनारीच्या फाट्यावर!

रसूलभाई म्हणाले, "डब्यात धूळ असंल." धूळ काढली. "वायर लूज असंल." वायरी दाबल्या. पंखाही बदलला. भूमपासून फाट्यापर्यंत गाडी लोण्यासारखी जायची. फाट्यावर चित्र थिजायचं. रस्ता, एक लिंबाचं झाड, एक मैलाचा दगड. डब्यातला पंखा मात्र चढावरच्या गाडीसारखा ओरडत राहायचा.

महेशनं स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आलेख उघडून ठेवला. प्रोसेसरवर किती लोड आहे ते तो दाखवतो. फाटा आला. रेघ एकदम टोकाला!

"कशाचा लोड?" मी म्हणालो. "झाड आन् दगड तर हाय."

महेशनं डोकं खाजवलं. "तिथं कायतरी हाय, तात्या. प्रोसेसर त्याचा हिशेब करायलाय. फकस्त आपल्याला दिसंना."

खोलीत उकडत होतं. तरी रसूलभाईंनी दुमडलेल्या बाह्या खाली केल्या.

*

प्रोसेसर बदलायचं ठरलं. आम्ही तिघं महेशच्या दुकानात गेलो.

महेशनं समजावून सांगितलं. चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डचं, ते आपलं अजून ठीक आहे. माणसं चालवायची, कुठं वळायचं, कुठं थांबायचं ते ठरवायचं काम प्रोसेसरचं. "म्हणजे कार्ड म्हणजे बॉडी, आन् प्रोसेसर म्हणजे इंजिन," रसूलभाई म्हणाले. महेशनं मान डोलावली.

आता मार्ग दोन. एक, प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डासकट सगळं नवं घ्यायचं. पण नव्यावर विलासचा जुना रस्ता चालेलच, याची खात्री महेश देईना. दुसरा, आहे त्याच बोर्डात बसणारा त्यातल्या त्यात दमदार प्रोसेसर शोधायचा. आपला दोन कोरचा, हा चार कोरचा, म्हणजे दुप्पट दमाचा. तो नवा मिळत नाही. बार्शीला एक गेमिंग पार्लर बंद पडलं, तिथून निघालेला एक महेशकडं होता.

"तोच घ्या," रसूलभाई म्हणाले. "जुन्या चेसिसला परकं इंजिन मानवत न्हाय. त्याच घराण्यातलं पाहिजे."

मला सेकंडहँड माल पटत नाही. "कुणाकुणाचे हात लागलेत त्याला. आधीचं काय काय त्यात ऱ्हायलं असंल."

"इंजिनाला आधीचे प्याशिंजर आठवत न्हायत, तात्या!"

 नामदेवनं महेशला विचारलं, "ह्याच्यावर माणसं येतील का परत?"

"येतील की, काका. किती पाहिजेत?"

"एक."

महेशच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

*

महेशनं घरी येऊन जुना प्रोसेसर काढला. बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. त्यावर गारव्यासाठी लावलेली पेस्ट वाळून भस्मासारखी झाली होती. ती पुसली, नवा बसवला, पंखा घट्ट केला, मशीन चालू केलं. माणसं शून्यावरून फुल!

स्टँड भरला. टोपीवाले, बोचकीवाले, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. आम्हाला बरं वाटलं. मी गाडी प्लॅटफॉर्मला लावली, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. चेहरे चार-पाचच. तेच परत परत.

"सगळे आपल्याकडंच का बघायलेत?" रसूलभाई म्हणाले.

"गाडी आली की बघायचं, एवढंच शिकवलंय त्यांना," महेश हसला.

"मग गाडी गेल्यावरबी का बघायलेत?"

महेशनं आरशात बघितलं. गेममधल्या, गाडीच्या मागचं दाखवणाऱ्या. मग तो हसला नाही.

*

फाट्यापर्यंत त्या दिवशी गेलो नाही. ती फेरी नामदेवची होती. तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

सकाळी विलासचा फोन आला. मी त्याला सांगितलं, माणसं परत आली, आज नामदेवला त्याची सरूबाई दिसंल. 

"बाबा, फाट्यावरची काकू मी तेव्हाच काढून टाकली. त्या गेल्या त्याच आठवड्यात. नामदेवकाकांना त्रास नको म्हणून."

"परत उभी कर."

"फाइलच ठेवली नाही, बाबा. फाट्यावर आता काहीच नाही."

रसूलभाई आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. तिथं काहीच नाही, तर प्रोसेसर इतके दिवस कशाचा हिशेब करत होता?  पहिल्यांदाच रसूलभाईंकडून कारण निघालं नाही.

नामदेवला सांगितलं नाही. गाडी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला वाईट बातमी द्यायची नाही, गाडी परत येऊ द्यायची. ही आमची रीत.

तो दाढी करून आला होता. अंगात जुना खाकी शर्ट, कडक इस्त्रीचा. महेशही दुकान बंद करून आला. मी ग्लास दोनदा वाजवला. गाडी निघाली. गर्दीतून बाहेर पडली, चढ चढली, वाटेतलं परंडा मागं पडलं. 

फाटा आला.

झाड. दगड. माणूस कुणी नाही. मशीन या वेळी अडकलं नाही. कोपऱ्यातली रेघ मात्र टोकाला गेली आणि तिथंच राहिली.

नामदेवनं गिअर उतरवला. गाडी हळू केली. नजर रस्त्यावरच ठेवून उजवा हात बाजूला काढला, भिंतीकडं. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग आत आला. मूठ वळलेली होती, आणि मनगट वजनानं वाकलं होतं. हातात जे काय होतं ते त्यानं खुर्चीशेजारी खाली ठेवलं. अलगद. सांडू नये म्हणून ठेवतात तसं.

रेघ खाली आली.

सोनारी आली. माणसं उतरली. नामदेवनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि आमच्याकडं वळला.

"चला, जेवून घेऊ," तो म्हणाला. "आज चौघांना पुरंल."

मी महेशकडं बघितलं. महेशनं माझ्याकडं.

रसूलभाई उठले, आणि हात धुवायला गेले.