खुआंगबाईंच्या गालाआतली जाळी

खुआंग युंशिउबाईंच्या तोंडात पंचावन्नाव्या वर्षी शेवाळ धरलं. आमच्याकडे या रोगाच्या नावात शेवाळच आहे. छंगतूच्या मोठ्या दवाखान्यात त्याला लायकेन प्लॅनस म्हणतात. दोन्ही गालांना आतून पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी आणि जाळीच्या मधोमध लालभडक, सोललेली जागा. कोमट चहासुद्धा झोंबायचा. दुसऱ्या कोणाला हा नुसता त्रास झाला असता. खुआंगबाईंचं मात्र सगळं आयुष्यच तोंडावर उभं होतं. छंगतूजवळ, आमच्या पीशिएनच्या ज्या कारखान्यात पावट्याची लाल चटणी मुरते, तिथे त्या तेवीस वर्षं चाखणाऱ्या होत्या. तीन वर्षांचा रांजण उघडला की पहिला चमचा त्यांचा. चाखायच्या, थुंकायच्या आणि पसंत पडली तर रांजणाला आपल्या नावाची चिठ्ठी डकवायच्या. चिठ्ठीशिवाय रांजण फाटकाबाहेर जात नसे.

सहा वर्षं त्यांनी रोगाबद्दल कोणाला सांगितलं नाही. तोंड पेटलं की म्हणायच्या, "यंदा मिरची जोरदार आहे." ऐकणारे खूश व्हायचे.

पण व्यवस्थापक मिआओच्या लक्षात आलं. हा मिआओ शाळेत माझा विद्यार्थी होता. गणितात उत्तर आधी लिहायचा, रीत मागून. त्याला आपल्या मेव्हण्याला, पो याला, कुठेतरी चिकटवायचंच होतं. तो फार प्रेमाने म्हणाला, "मावशी, डोळ्यांत पाणी येतं हल्ली तुमच्या. वसंतात रांजण उघडायचेत. तोवर तोंड बरं करा. नाहीतर पो आहेच, तुम्हाला त्रास नको."

"पो?" बाई म्हणाल्या. "त्याला भात करपलेला कळत नाही."

दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्यात गेल्या.

तिथे या रोगावर संशोधन चाललं होतं. दोन मलमं, एक जुनं, एक नवं. कोणाला कुठलं मिळतंय ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. ते बघणारे डॉक्टर शू चौतिशीचे, मूळचे यांगचौचे, म्हणजे जिथे माशाच्या कालवणातही साखर पडते तिथले. त्यांनी मोठ्या कष्टाने एक तक्ता बनवला होता. त्यातला नववा प्रश्न: गेल्या आठवड्यात तिखट खाल्लं का? हो किंवा नाही.

बेचाळीस रोगी होते. आठ आठवडे, बेचाळीस जणांनी, प्रत्येक वेळी 'नाही'वर खूण केली.

डॉक्टर शू भारावून गेले. सछ्वानच्या, मिरचीवर वाढलेल्या माणसांनी औषधासाठी तिखट सोडलं! त्यांच्या मोठ्या प्राध्यापकांनी शांघायच्या परिषदेत हा आकडा पडद्यावर दाखवला, टाळ्या पडल्या. एवढंच की कोणाचंही तोंड बरं होत नव्हतं. प्राध्यापक म्हणाले, पथ्य इतकं चोख असताना जखम भरत नाही म्हणजे दोन्ही मलमं कुचकामी. लेख लिहायला घ्या. लेख अर्धा लिहूनही झाला.

खुआंगबाईंच्या गालाची जखम तर आणखी पसरली होती. तेव्हा डॉक्टर शू आधी कळवून स्वतःच पीशिएनला आले. नेमके जेवणाच्या वेळेला पोचले, म्हणून जेवावं लागलं. बाईंनी मलाही बोलावलं. पाहुण्यांशी शुद्ध बोलायला कोणीतरी हवं, हे माझं गल्लीतलं काम.

मेजावर टोफू, दोनदा परतलेलं डुकराचं मांस, वांगी आणि दुधीचं पाणी. बाई अभिमानाने म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही येणार म्हणून घरात सुकी मिरची उघडलीसुद्धा नाही. साधंच केलंय."

डॉक्टरांनी टोफूचा एक घास घेतला. त्यांचे कान आधी लाल झाले, मग नाक. ते दुधीचं पाणी वाडग्याने प्यायले, माझंही प्यायले.

"हे... हे तुम्ही रोज खाता?"

"रोज कुठलं, टोफू एक दिवसाआड."

"पण यात तिखट आहे!"

"अहो कुठे आहे?" बाईंचे यजमान तंग खरंच गोंधळले. त्यांनी वाडगं उजेडाकडे धरून पाहिलं. "मुलांना घालतात हे."

"मग हे लाल काय आहे?"

"ती चटणी," बाई म्हणाल्या. "चटणीशिवाय टोफू कसा होईल?"

"चटणी कशाची?"

"पावट्याची."

"आणि?"

"आणि मिरचीची. पण ती मुरलेली आहे, डॉक्टर. तिखट म्हणजे खाताना कपाळाला घाम यायला हवा. मला आलाय? मास्तरांना आलाय?"

"मला आलाय!"

"तुम्ही बाहेरचे आहात," तंग समजूत घालत म्हणाले. "होईल सवय."

डॉक्टर रुमालाने डोळे पुसत राहिले. ते पाणी टोफूचं किती आणि शांघायच्या टाळ्यांचं किती, हे मला सांगता येणार नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि कारखान्यात? तिथे दिवसाला किती चमचे?"

"वीसेक. पण ते मी थुंकते. तुम्ही 'खाल्लं का' विचारलंय."

त्या आठवड्यात डॉक्टरांनी नववा प्रश्न खोडून त्याजागी पदार्थांची यादी दिली: टोफू, लोणचं, चटणी, मिरचीचं तेल. बेचाळीसपैकी चाळीस जणांनी सगळ्यावर खुणा केल्या. उरलेल्या दोघी क्वांगतुंगहून, मिळमिळीत खाणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्या सुना होत्या. प्राध्यापकांनी लेख कपाटात ठेवला, परिषदेचं छायाचित्र मात्र भिंतीवरच राहिलं.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. सहा आठवडे मलम आणि खरोखरचं बिनतिखट जेवण. रांजण उघडायला सातच आठवडे उरले होते. खुआंगबाईंनी कारखान्यातून रजा घेतली. मिआओने ती इतक्या चटकन दिली की बाई फाटकातच थांबून जरा विचार करत राहिल्या. घरात पेज, वाफवलेलं अंडं, उकडलेला पाला. तिसऱ्या दिवशी तंग आपलं वाडगं घेऊन शेजारी जेवायला जाऊ लागले. "घरात कोणी वारल्यासारखं जेवण," असं मला म्हणाले. बाई मात्र हटल्या नाहीत. मलम लावून अर्धा तास तोंड न उघडता बसायच्या. गल्लीला त्याचं फार नवल वाटलं.

पाचव्या आठवड्यात लाल जागा भरून आली. जाळी पुसट राहिली. डॉक्टर शू म्हणाले, "मावशी, हा रोग जात नाही, झोपतो. दर तीन महिन्यांनी दाखवत चला. आणि चाखा, पण जपून."

रांजण उघडायच्या दिवशी अंगणात सगळे जमले. एकोणीस रांजण. पो नवा एप्रन घालून, हात मागे बांधून उभा होता. बाईंनी पहिला चमचा घेतला आणि तोंडातच धरून ठेवला. थुंकल्या, पाणी घेतलं, पुन्हा चाखली.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

"काय?" मिआओ म्हणाला.

"मीठ वाजवीपेक्षा जास्त पडलंय. आणि दाणे शिळे होते. खाली कोंदट वास आहे."

दुसरा रांजण, तिसरा, सातवा. तेच. एकोणिसांत दोन रांजणांना त्यांनी चिठ्ठी लावली. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षीचे शिल्लक आहेत ना? त्यातला चमचा द्या."

"मावशी, ते तुम्हीच पास केलेत."

"द्या."

त्यांनी चाखली, थुंकली आणि चमचा परत दिला. मी त्यांना तेवीस वर्षं ओळखतो. चेहरा उतरला की त्या हनुवटी वर करतात. हनुवटी वर होती.

"हेही तसलंच," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मला नुसती आग कळत होती. आगीखाली काय आहे ते कळतच नव्हतं."

मिआओ हसला. "डॉक्टरच्या मलमाने तुमची जीभ बिघडली. पेज खाऊन खाऊन यांगचौची झालात तुम्ही! लोकांना हीच चव आवडते, सहा वर्षं एक तक्रार नाही. पो, चाख रे."

पोने चाखली. "झकास," तो म्हणाला. अजून गिळलीही नव्हती.

बाई मागच्या रांगेकडे गेल्या. गेल्या वर्षीचे सव्वीस रांजण तिथे होते, सगळ्यांवर खुआंग युंशिउ. पहिल्या रांजणावरची चिठ्ठी त्यांनी नखाने उचलायला घेतली. निघेना, खळ चांगली होती.

"मावशी, काय करताय?"

"माझं नाव काढतेय."

"हे बघा," मिआओचा आवाज पहिल्यांदाच चढला, "चिठ्ठ्या काढल्यात तर उद्यापासून येऊ नका."

"उद्या नाही येणार," बाई म्हणाल्या. "आज मला फडकं आणि बादलीभर कोमट पाणी दे."

मिआओ जागचा हलला नाही, कामगारही हलले नाहीत. बादली मात्र आली, आणि फार लवकर आली. पोने आणली होती. त्याला उद्याची घाई होती.