बुढ्याचं पोट्टं

जिनात दिवसभर कापसातला कचरा वेचला का संध्याकाळी लुगड्याले कापूस चिकटेल राहे. झटकला तरी जाये नाई. किस्स्यायचं तसंच हाये बाप्पा! साठ सालाच्या आगंमागं अकोल्याच्या जिनात, कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, आमी दहाबारा बाया होतो. तोंडाले पदर बांधेल, हात कापसात, अन् जीभ मोकळी! त्यातले निम्मे किस्से एकट्या संपत चौकीदाराच्या पोट्ट्याचे.

संपतरावची पहिली बायको लेकराबिगर गेली. मंग पन्नाशी उलटल्यावर त्यानं आमच्यातल्या वत्सलासंग लगन लावलं. साठीले टेकला, तवा दौलत झाला.

बारशाले संपतराव नवं धोतर नेसून दारात उभा. जुन्या शहरातून एक पाहुनी आली. त्याच्या हातात टोपडं देऊन म्हने, "आबा, नातवाले घाला. अन् पोट्ट्याचा बाप कोठी हाये?"

संपतराव म्हने, "अथीच हाये. जरा टेकून उभा हाये!"

*

दीड वर्साचा झाला तरी दौल्या चाले नाई. कापसाच्या ढिगावर ठेवला का तिथीच बसे, शेटजीवानी. आमची मुकादमीन अंजिराबाई, हिवरखेडची. जगातलं सगळं तिलेच समजे. म्हने, "बाप बुढा असला का लेकरू मंद निंगते. जुनी सरकी उगवत नसते वं!"

वत्सलाचा हात कापसातच थांबला. फाटकावरून संपतरावनंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोठून तरी तीन सालाची सरकी आनली. ओल्या पोत्यात गुंडाळली अन् अंजिराबाईच्या समोर ठेवली. "उगवते का नाई, पाहूच!"

पाचव्या दिवशी पोतं उलगडलं. दान्यादान्याले मोड! बुढा असा फुगला का बंडीची गुंडी तुटली. अंजिराबाईनं पोतं उलटंपालटं करून पाह्यलं.

पहिल्याच दिवशी जेवनाच्या सुट्टीत सरकी मीच बदलली होती. औंदाची, ताजी. संपतरावले मरेपर्यंत सांगतलं नाई!

*

दोन वर्साचा झाला अन् पोट्टं एकदम पळालंच. मंधात चालनं शिकलंच नाई! जिनात बकरी शिरली, दौल्या तिच्या मागं, संपतराव दौल्याच्या मागं. दहा पावलं गेला अन् कमरेवर हात ठेवून ओरडला, "पकडा वं कोनी! मले नाई पळवत!"

अंजिराबाई म्हने, "चुकलंच माहं. पोट्टं नाई, बापच मंद हाये!"

*

पन बोले नाई ना! चार वर्साचा झाला तरी गप. संपतराव त्याले मांडीवर घेऊन म्हने, "म्हन, बाबा. बाऽबा." दौल्या नुसता त्याच्या मिशा पाहे.

मी चावट! बुढ्याची पाठ वळली का पोट्ट्याले म्हनो, "बाबा नोको म्हनू. म्हन, बुढ्या!" वरून गुळाचा खडा देवो. दोन वर्सं शिकवलं. गूळ खाये अन् गप.

शेवटी दोघं मायबाप त्याले अमरावतीच्या डाक्टरकडे घेऊन गेले. डाक्टरनं घसा पाह्यला, कान पाह्यले, अन् इचारलं, "बापाचं वय किती?"

संपतराव तापला. "बिमार कोन हाये? थो का मी?"

डाक्टर हसला. "कोनीच नाई. बोलंल थो. घाई कोनाले हाये?"

संपतराव म्हने, "मले हाये ना, डाक्टरसायेब."

*

मंग सहावं वर्स लागल्यावर जूनमंधी शाळेत नाव घालाले नेला. मीही संग होती. तवा जन्माचा दाखला कोनापाशी राहे! मास्तर म्हने, "उजवा हात डोक्यावरून ने अन् डावा कान धर." कान धरला तर वय पुरं, पास!

दौल्याचा हात टाळूवरच अडकला. दुसऱ्यांदाही अडकला. मास्तरनं रजिस्टर मिटलं. "पुढच्या साली आना, आजोबा."

संपतराव पासष्टीच्या वर गेल्ता. म्हने, "पुढच्या सालाचं तुमी सांगता मास्तर, मले कोन सांगते? एक दिवस त्याले वर्गात बसेल पाहू द्या."

मास्तर खाली पाहे. वत्सलानं पदर तोंडात घातला.  

संपतरावनं पोट्टं उचललं, खांद्यावर बसवलं अन् दाराकडे निंगाला. तेवढ्यात दौल्यानं उजवा हात बापाच्या टकलावरून नेला, बापाचाच पलीकडचा कान गच्च धरला, अन् खाली वाकून खनखनीत आवाजात म्हने,

"हात पोचला ना, बुढ्या!"

 मास्तरनं रजिस्टर पुन्हा उघडलं. "नाव काय पोराचं?"

संपतराव डोळे पुसत म्हने, "मले काय इचारता? त्यालेच इचारा!"